गृहस्थाश्रमाचे राहून जाणारे कर्तव्य

१९५५ साली एका मुलीचा विवाह झाला. तीन महिने पुरते लोटले नाहीत तोच सर्पदंशाने तिच्या पतीचा मृत्यू ओढवला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. ती माहेरी परतली, आईवडिलांनी तिला शिकवले, तिला नोकरी लागली आणि पुढची चार दशके ती स्वतःच्या कष्टावर जगली. सासरी ती पुन्हा कधी नांदली नाही. १९९६ साली तिचे निधन झाले तेव्हा बँकांतील ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून तिच्या नावावर मोठी रक्कम होती. तिला मूलबाळ नव्हते आणि तिने मृत्युपत्रही केलेले नव्हते.

या रकमेवर दोन बाजूंनी हक्क सांगितला गेला. एका बाजूला तिची आई व पुढे तिचे भाऊ होते. दुसऱ्या बाजूला मृत पतीच्या बहिणीचे मुलगे. ज्या घराने तिला हाकलले त्या घराचे हे नातेवाईक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ साली निकाल लागला तो नणंदेच्या मुलांच्या बाजूने. हे प्रकरण मनाला चटका लावणारे आहे याची जाणीव न्यायालयाला नव्हती असे नाही; परंतु केवळ सहानुभूतीपोटी कायद्याच्या स्पष्ट शब्दांना बगल देता येत नाही, ही न्यायालयाची भूमिका होती.

ते स्पष्ट शब्द हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ मध्ये आहेत. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू स्त्रीची संपत्ती प्रथम तिची मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर ती पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या संपत्तीपुरता अपवाद आहे; ती पित्याच्या वारसांकडे परत जाते. परंतु स्त्रीने स्वतः मिळवलेल्या संपत्तीला हा अपवाद लागू नाही. म्हणजे वडिलांकडून आलेली जमीन माहेरी जाईल आणि स्वतःच्या घामाचा पैसा मात्र ज्यांनी कधी विचारपूस केली नाही त्यांच्या हाती पडेल. ही विसंगती दूर करावी, अशी शिफारस विधी आयोगाने २००८ मधील आपल्या २०७ व्या अहवालात केली होती. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली आणि कलम आहे तसेच राहिले.

कायद्यात दोष आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. परंतु त्याच कायद्यातील कलम ३० प्रत्येक हिंदू स्त्री-पुरुषाला आपल्या संपत्तीची मृत्युपत्राने व्यवस्था लावण्याचा पूर्ण अधिकार देते, याचा विसर पडून चालणार नाही. त्या शिकलेल्या, नोकरी केलेल्या, चाळीस वर्षे स्वाभिमानाने जगलेल्या स्त्रीने एका साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी केली असती, तर नणंदेच्या मुलांना न्यायालयाची पायरी चढण्याचे कारणच उरले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलम १५ ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा कलमाच्या वैधतेचा प्रश्न खुला ठेवून न्यायालयाने सर्व स्त्रियांना आणि विशेषतः हिंदू स्त्रियांना तातडीने मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला असे आवाहन करावे लागते, यातच समाजाच्या उदासीनतेचे मोजमाप आहे.

अशुभाची सबब

ही उदासीनता केवळ स्त्रियांपुरती नाही. मुलीच्या लग्नाची तरतूद वीस वर्षे आधी करणारा, घराच्या कर्जाचा एकही हप्ता न चुकवणारा, विजेच्या बिलाच्या पावत्या दहा दहा वर्षे जपून ठेवणारा मध्यमवर्गीय गृहस्थ मृत्युपत्राचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो. ‘आत्ता कुठे घाई आहे?’ हे पहिले उत्तर. ‘तिन्हीसांजेला कसले अभद्र बोलता?’ हे दुसरे. विम्याच्या प्रस्तावावर मात्र तोच गृहस्थ आनंदाने स्वाक्षरी करतो. विमा हासुद्धा स्वतःच्या मरणाचाच करार आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. तेथे अशुभ वाटत नाही, कारण एजंट घरी येतो, फॉर्म भरून देतो आणि आयकरात सवलतही मिळत आलेली असते.

मृत्युपत्र ही आपली परंपरा नव्हे, असेही काही जण सांगतात. आजच्या साचाचे, साक्षांकित मृत्युपत्र इंग्रजी अमदानीत रुळले हे खरे. १८७० च्या हिंदू विल्स अॅक्टने त्याचे नियम प्रथम बंगालला आणि मद्रास व मुंबई या शहरांना लागू केले. परंतु मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावूनच निरोप घ्यावा, हा विचार इंग्रजांकडून आलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद सर्वांना माहीत असतो तो मैत्रेयीच्या अमृतत्वाविषयीच्या प्रश्नामुळे. त्या संवादाला निमित्त काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघाले आहेत आणि निघण्यापूर्वी मैत्रेयी व कात्यायनी या दोघींमध्ये संपत्तीची वाटणी करून देण्याची गोष्ट त्यांनी काढली आहे. ब्रह्मविद्येचा तो महान उपदेश सुरू होतो तो घरच्या वाटणीच्या विषयातून. पित्याने हयातीतच वाटणी करून देण्याचा विचार याज्ञवल्क्य स्मृतीतही आला आहे. ब्रह्मज्ञानी ऋषीला ज्या गोष्टीचा संकोच वाटला नाही, तिचा सहकारी गृहनिर्माण संस्थेतील दोन खोल्यांच्या मालकाला वाटावा, हे नवल आहे.

‘सगळे तिचेच आहे’

दुसरी सबब अधिक निरागस आहे. ‘माझ्यामागे सगळे हिचेच आहे, त्याला कागद कशाला?’ असे नवरा म्हणतो आणि बायकोही त्यावर विश्वास ठेवते. कायदा असे म्हणत नाही. मृत्युपत्र न करता पुरुषाचे निधन झाल्यास त्याची स्वकष्टार्जित संपत्ती पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान भागांनी विभागली जाते. समजा, एका गृहस्थाच्या नावावर पुण्यात एक सदनिका आहे आणि त्याच्यामागे आई, पत्नी व दोन मुले आहेत. पत्नीचा हिस्सा केवळ एक चतुर्थांश. घर विकायचे तर सर्वांच्या स्वाक्षऱ्या हव्यात आणि मुले अज्ञान असतील तर त्यांच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगीही. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांच्या चतुर्थांशात दीर आणि नणंदा येतात. ज्या घरात त्या स्त्रीने उभा संसार केला, त्या घराचे निर्णय आता तिच्या एकटीच्या हातात राहत नाहीत. दीर-नणंदा वाईट असतात असे नाही. त्यांचीही मुले मोठी होतात, सुना-जावई येतात, जागेचे भाव वाढतात आणि ज्याला हक्क आहे हे ठाऊक नव्हते त्याला कोणीतरी ते समजावून सांगतो.

वडिलांची स्थिती तर आणखी विचित्र. अविवाहित किंवा निपुत्रिक मुलगा गेला तर आई पहिल्या वर्गातील वारस आहे, वडील नाहीत. ते दुसऱ्या वर्गात मोडतात. मुलाच्या शिक्षणासाठी निवृत्तीचे पैसे खर्च करणाऱ्या विधुर पित्याला सून हयात असताना कायद्याने काहीच मिळत नाही. मुलाने चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर मिळाले असते.

तिसरी सबब सर्वांत व्यापक आणि सर्वांत घातक आहे: ‘नॉमिनेशन केलेले आहे.’ नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. बँक किंवा संस्था कोणाच्या हाती रक्कम देऊन मोकळी होईल, एवढेच नामनिर्देशनाने ठरते; त्या रकमेचा मालक कोण, हे उत्तराधिकाराचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. कंपन्यांचे समभाग आणि रोखे यांच्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांत २०१९ च्या सुधारणेनंतर नामनिर्देशित व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. ती मालक होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. सोय वाढली, परंतु तत्त्व बदललेले नाही. जीवनविम्यात पती, पत्नी, मुले व आईवडील यांच्या नामनिर्देशनाला २०१५ नंतर वेगळे स्थान मिळाले, तो अपवाद वगळला तर नामनिर्देशिताने रक्कम सांभाळायची असते ती खऱ्या वारसांसाठी.

ही बेफिकिरी किती मोठी आहे याची एक झलक रिझर्व्ह बँकेच्या आकड्यात दिसते. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या बँक ठेवी ज्या निधीत जमा होतात, त्यात ३१ मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होते. यातील प्रत्येक रुपया मृत्युपत्राअभावी तेथे गेला असे म्हणता येणार नाही. पण कोणत्या बँकेत काय आहे हे घरच्यांना न सांगता गेलेल्यांचा पैसा त्यात आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

टिळकांनी वाहिलेले ओझे

मृत्युपत्र करायचेच, तर ते वेळेवर आणि विचारपूर्वक केले पाहिजे. महाराष्ट्राला याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी निधन पावले. मरणशय्येवर त्यांनी मृत्युपत्र केले आणि व्यवस्थापकांत आपले स्नेही लोकमान्य टिळक यांचे नाव घातले. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात जामिनावर सुटून टिळकांना तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज गर्भवती होत्या. पुत्र झाला, परंतु तो अल्पावधीतच वारला आणि वारसाचा प्रश्न दत्तकावर येऊन ठेपला. १९०१ साली औरंगाबादला दत्तविधान झाले. पुढे ताई महाराज फिरल्या, दुसरा दत्तक पुढे आला आणि न्यायालयांचे चक्र सुरू झाले. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप ठेवला गेला, त्यांना शिक्षाही झाली आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने संपला. मंडालेचा सहा वर्षांचा कारावास याच काळात येऊन गेला. मृत मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी राष्ट्राच्या नेत्याला १८ वर्षे झिजावे लागले.

या प्रकरणातून टिळकांची कर्तव्यनिष्ठा दिसते, तशीच आणखी एक गोष्ट दिसते. सर्वांत गुंतागुंतीचा निर्णय, म्हणजे पुढचा वारस कोण, तो अखेरच्या घटकेला इतरांच्या संमतीवर सोपवला गेला होता. शुद्ध हेतू, मृत्युपत्र आणि टिळकांसारखा विश्वासू व्यवस्थापक असूनही भांडण टळले नाही. ज्याला टिळकांसारखा मित्र लाभलेला नाही, त्याने तर अखेरच्या घटकेची वाट मुळीच पाहू नये. कोविडच्या साथीने हेच पुन्हा शिकवले. त्या काळात तरुण दांपत्ये दगावली आणि त्यांच्या संपत्तीवरून दोन्हीकडच्या माता न्यायालयात उभ्या राहिल्याचे दुःखद चित्र देशाने पाहिले.

कागद कसा असावा?

मृत्युपत्राविषयीचे भय जेवढे मोठे, तेवढी त्याची कृती सोपी आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सज्ञान आणि सुदृढ मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. मुद्रांक लागत नाही; साधा कागद चालतो. भाषा मराठी असली तरी चालते आणि ती कायदेशीर जडजंबाल असण्याची गरज नाही. करणाऱ्याने स्वाक्षरी किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष स्वाक्षरी करावी. या दोन साक्षीदारांवरच सारी भिस्त असते. पुढे वाद झाला तर हयात असलेल्यांपैकी किमान एका साक्षीदाराला न्यायालयात सांगावे लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, प्रतिष्ठित आणि सहज सापडणारे असावेत. ज्याला मृत्युपत्राने लाभ होतो त्याला साक्षीदार करू नये. मजकूर साक्षीदाराला दाखवण्याची आवश्यकता नाही, हे ठाऊक नसल्यामुळेही पुष्कळांचा हात अडतो.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती करून घेणे इष्ट. गोपनीयता हवी असेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. उतारवयात केलेल्या मृत्युपत्राला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे शहाणपणाचे. खाती, ठेवी, समभाग, सदनिका, शेतजमिनीचे गट क्रमांक, दागिने यांचा स्वच्छ उल्लेख असावा आणि राहून गेलेल्या किंवा पुढे मिळणाऱ्या संपत्तीसाठी एक वाक्य शेवटी असावे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. सबंध वाडा एकाच्या नावे करून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. लहान मुलांचे आईवडील मृत्युपत्रातून त्यांच्यासाठी पालकही नेमू शकतात. परिस्थिती बदलली तर मृत्युपत्र बदलता येते. कायद्याला मान्य असते ते शेवटचे.

एक जुनी अडचणही आता दूर झाली आहे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीविषयीच्या मृत्युपत्राला हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी यांच्या बाबतीत न्यायालयाचे प्रोबेट सक्तीचे होते. मुसलमानांना ते नव्हते. पारतंत्र्यातील हा भेदभाव स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे तसाच राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम २१३ वगळले. समान नागरिकत्वाच्या दिशेने टाकलेले हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र त्यामुळे जबाबदारीही वाढली आहे. न्यायालयाची सक्तीची चाळणी गेल्यावर कागदच निःसंदिग्ध असला पाहिजे.

अधिकाराचा दुरुपयोग नको

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद मानले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच हे पाऊल उचलले होते. तेव्हापासून अनेक घरांत मृत्युपत्र आठवते ते मुलीला वगळण्यासाठी. आईला देवी म्हणायचे, नवरात्रात कुमारिकांचे पूजन करायचे आणि दुपारी वकिलाकडे जाऊन लेकीचे नाव खोडायचे, यात कोणता धर्म आहे? मुलाला अधिक द्यायचे कारण असू शकते. त्याने म्हातारपणी सांभाळले असेल, एखादे अपत्य दुर्बल किंवा अपंग असेल. तसे असेल तर ते कारण मृत्युपत्रात लिहावे. स्वाभाविक वारसाला कारणाशिवाय वगळणे ही संशयास्पद बाब म्हणून न्यायालये तपासतात. कारण लिहून ठेवले तर न्यायालयाला ते समजते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेकीला समजते.

मृत्युपत्राने आणखी एक दार उघडते. वारसाहक्काचा कायदा एखाद्या वसतिगृहाला, गोशाळेला किंवा ग्रंथालयाला छदामही देत नाही. ‘माझ्यामागे हे घर संस्थेला’ असे शंभर जणांसमोर बोललेल्या शब्दाला कायद्यात किंमत नाही. आयुष्यभर एकट्याने राहून समाजासाठी खपलेल्या कितीतरी माणसांची घरे ज्यांनी त्यांचे नावही घेतले नाही अशा दूरच्या नातेवाइकांकडे गेली आणि वारस कोणीच नसेल तर संपत्ती शासनजमा होते. ज्याने देहाचा क्षण क्षण समाजाला दिला, त्याने शेवटचा कागद लिहिला नाही म्हणून त्याची इच्छा मेली.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचे आईवडील, अपत्यहीन दांपत्ये, अविवाहित स्त्रिया, विधवा भगिनी यांच्याबाबत तर हे कर्तव्य उद्यावर टाकण्याजोगे नाही. घरोघर संपर्क ठेवणाऱ्या कार्यकर्त्याने चहाच्या पेल्याबरोबर हा विषय काढावा. त्यात संकोच बाळगू नये. वर्षप्रतिपदेला नव्या वर्षाचे संकल्प होतात, दसऱ्याला शस्त्रपूजन होते. त्याच दिवशी देवघरात बसून पती-पत्नीने दोन स्वतंत्र कागद लिहावेत, संध्याकाळी शेजारच्या दोन तरुणांना बोलवावे आणि त्यांच्या देखत स्वाक्षऱ्या कराव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे.

१९९६ साली निधन पावलेल्या त्या स्त्रीने चाळीस वर्षे कोणापुढे हात पसरला नाही. तिच्या कष्टाचा पैसा कोणाला मिळावा, हे ठरवण्याचा अधिकार तिला होता. तो तिने वापरला नाही आणि मग तिच्या वतीने कायद्याने ठरवले. ज्या घरांत आजही कपाटात दागिने आहेत, बँकेत ठेवी आहेत आणि मृत्युपत्र नाही, त्या प्रत्येक घरात तोच कायदा वाट पाहत बसलेला आहे.